दोन वर्षांची वसुली

प्रिय रुपसिंग,

एक जूनला जन्मलेल्या तमाम भावांनो आणि बहिणींनो! हसू नकोस. धुळ्याच्या कुठल्याही सभेत मी अशी हाक दिली, तर निम्मा मंडप उभा राहील. आपल्या आयांना आपला जन्म आठवत होता, पण तारीख घरात कुणी लिहून ठेवली नव्हती. गुरुजींनी शाळा उघडायच्या तोंडावरची सोयीची तारीख टाकली आणि वयाचं गणित जमवलं. माझं त्यात काही बिघडलं नाही. मी भाषणं करणारा माणूस, मला वय कोण विचारतो? तुझं मात्र सगळं बिघडलं. तू चार वर्षांचा होतास, आश्रमशाळेत घ्यायला सहा लागत होती, म्हणून सहा लिहिली. तुझ्या वडिलांना वाटलं, पोराला दोन वेळचं जेवण लवकर सुरू झालं. माझा बाप तिथे स्वयंपाकी होता, त्यालाही तसंच वाटलं.

त्या दोन वर्षांनी तुझं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्युनिअर फुटबॉलच्या निवडीत तू चेंडू घेऊन पळालास तेव्हा तो टोपीवाला प्रशिक्षक जागेवरून उठला होता. मग त्याने दाखला पाहिला आणि परत बसला. तुझे वडील सातपुड्याच्या पायथ्यावरून मजुरी बुडवून आले होते. हात जोडून सांगत होते, साहेब, रोजगार हमीवर आमच्या तळ्याचं काम चालू होतं, त्या वर्षीचा आहे हा. साहेब म्हणाले, तळ्याचा दाखला आणा मग! सगळे हसले. तू हसला नाहीस. बूट काढून गळ्यात अडकवलेस आणि एस.टी. स्टँडपर्यंत अनवाणी चालत राहिलास. मी मागून शंभरदा हाक मारली असेल.

पुढे गोवा, कोलकाता, शिलाँग, केरळ, मधेच परत गोवा. एका हंगामाचा करार, दुसऱ्या हंगामाला नवा गाव. फोन केला की आधी विचारावं लागायचं, कुठे आहेस? यंदा दिवाळीला तू सोनगीरला आमच्याकडे आलास आणि शेवभाजीचा रस्सा ओरपत सांगितलंस की खेळायचो तेवढी वर्षं बॅग कधी पूर्ण उघडलीच नाही. वरचे दोन शर्ट घालायचे, धुवायचे, तेच परत घालायचे. खालच्या कपड्यांना माझं अंगही माहीत नाही, म्हणालास. तुझी वहिनी हेमलता हसून हसून बेजार झाली. मी हसलो नाही. गुडघा गेला तेव्हा कागदावर तू म्हातारा होतास, म्हणून कुठलाही क्लब तुझ्यासाठी थांबला नाही. मग तू खेळाडूंचा एजंट झालास, आणि मला आनंद झाला. वाटलं, आता तरी आपल्याकडच्या पोरांना वाट दाखवणारा आपला माणूस आहे.

त्याच दिवाळीत किल्ल्याखालच्या मोकळ्या जागेत तू माझ्या दिपमालाला पेनल्टी मारल्यास. तिने तीन अडवल्या. तू कमरेवर हात ठेवून ओरडलास, भो, पोरगी नहीं, भिंत शे ही! रात्रभर ती झोपली नाही. तिला गोलरक्षक म्हणून जळगावच्या निवडीला न्यायचं ठरलं. कागदपत्रं तू बघतो म्हणालास, आणि मी तुझ्याकडे कधी काही तपासून पाहिलेलं नाही.

मग तू काढलेला तिचा जन्माचा नवा दाखला मोबाईलवर आला. हेमलताने मोठा करून पाहिला आणि म्हणाली, या तारखेला जन्मली? अहो, तेव्हा ही घरभर चालत होती, तुमचा चष्मा फोडला तो त्याच महिन्यात! अठरा पूर्ण झालेली पोर तू सोळाची करून सतराखालच्या निवडीत घातलीस. मी फोनवर संतापलो तेव्हा तू शांतपणे बोललास. भाषण चौकात दे भाऊ, म्हणालास. माझी दोन वर्षं नेली ना, मी ती परत घेतोय. बस्स.

रुपसिंग, हे वाक्य मला झोपू देत नाही. कारण त्यातलं अर्धं खरं आहे. तुझी दोन वर्षं लुटली गेली, त्यावर मी आजही कुणाशीही भांडेन. पण तू वसुली कुणाकडून करतोयस? त्या टोपीवाल्याकडून? त्या यंत्रणेकडून? पोरीचं मन मोडवेना म्हणून, सगळं कळूनही, मी तिला मागच्या आठवड्यात धुळ्याच्या पहिल्या चाचणीला जाऊ दिलं, हा माझा दोष. तिथे हेमलताशेजारी एक बाई बसली होती, बिजलीबाई. तुझ्याच पट्ट्यातली, दिवसाची मजुरी सोडून आलेली. तिची किरणसुद्धा गोलरक्षक. खरीखुरी सोळाची, सरकारी दवाखान्यात जन्मलेली, म्हणून तारीख पक्की. बिजलीबाईने सहज विचारलं, तुमची कितवीले शे, ताई? हेमलता उत्तर टाळून पिशवीतला डबा उघडू लागली. दिपमाला मागेच पाण्याची बाटली घेऊन उभी होती. संध्याकाळी कळलं, दिपमाला निवडली गेली आणि किरण राखीव राहिली. वसुली तिथून झाली, रुपसिंग. तुझ्या वडिलांसारखंच हात जोडून उभं राहणाऱ्या बाईच्या घरातून.

घरी आल्यावर दिपमाला माझ्यासमोर बसली. म्हणाली, बाबा, गेल्या निवडणुकीत बोटाला शाई लावून शाळेतून बाहेर आले, तुम्हीच फोटो काढून गावभर पाठवलात. आता मी सोळाची? मी म्हणालो, घरी राहा, पाय मुरगळला म्हणून कळवू. ती भडकली. मी घरी बसले तर रुपसिंगकाका दुसरीला सोळाची करतील, आणि किरणला कुणी सांगणारच नाही की ती हरली नव्हती! या पोरीला बोलायला मीच शिकवलं, आता तिला गप्प कसा करू?

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळी जळगावला मेहरूणच्या मैदानावर शेवटची निवड आहे. तिचं नाव पुकारलं की ती सगळ्यांसमोर आपलं खरं वय सांगणार आहे, आणि दाखला कुणी दिला हेही. तिच्यावर बंदी येईल, ते तिने गृहीत धरलंय. पण तिच्या तोंडून निघालं तर तू कायमचा संपशील, आणि तुझ्या भरवशावर घर सोडलेली पोरं रस्त्यावर येतील. तू स्वतः बोललास तर शिक्षा होईल, पण माणूस म्हणून उभा राहशील. मी तुला सावध करतोय हे तिला माहीत नाही. कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. नाही बोलली तरी चालेल. रविवारी नावं पुकारायच्या आधी मेहरूणला पोच, निवड समितीसमोर उभा राहा आणि दिपमालाचं नाव तुझ्या तोंडाने मागे घे.

तुझ्यावर चिडलेला, तरी तुझाच,
रोहिदास