घंटा थांबली तर

कालामाता, ग्रीस, ३ जुलै

ती. काकांच्या चरणी आर्गिरोचा सा. न. वि. वि.

काकूंनी पाठवलेला मध पोहोचला. बरणी उघडताच सारी खोली आपल्या डोंगरासारखी दरवळली.

अग्निशमन दलात आता माझी नेमणूक आरोग्य व सुरक्षा अधिकारी म्हणून झाली आहे. पाण्याची नळी माझ्या हाती नसते. सर्व दिसेल अशा जागी उभे राहायचे. वारा, धूर आणि माणसांची पावले न्याहाळायची. थकलेल्याला बळेच बसवून पाणी पाजायचे, काजळी धुतल्याखेरीज पावाला हात लावू द्यायचा नाही आणि धोका वाढला की सर्वांना मागे बोलवायचे. तुमचे चिरंजीव, गावच्या स्वयंसेवकांचे म्होरके झिसिस, मला 'सावलीतल्या बाईसाहेब' म्हणतात. म्हणोत बापडे.

एक विनंती आहे. गावासमोरच्या घळीत, बायबलातल्या एलीया संदेष्ट्याच्या देवळाखाली, वायरलेस चालत नाही. वणवा दिसला की गावचे धर्मगुरू म्हणून तुम्ही गावातली घंटा वाजवू लागता आणि तो विझेपर्यंत थांबत नाही, हा आपला रिवाज. त्या नादाने पोरे घळीत अधिकच आत शिरतात. यंदा मी खळ्यावरून लाल कापड फडकावले, तर घंटा थांबवाल का?

रागावलात तरी मायेचा हात आखडू नये.

आपली आर्गिरो

अनोव्रिसी, ८ जुलै

चि. आर्गिरोस अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑलिव्हखाली डोळा लागला असता टपालवाल्याने तुझे पत्र माझ्या मांडीवर ठेवले. जागा झालो तेव्हा ते स्वप्नातूनच आले असावे असे वाटले. वाचले, आणि ते तसेच असते तर बरे, असेही वाटले.

हा दोर माझ्या वडिलांनी ओढला, त्यांच्याही वडिलांनी ओढला. घंटा वाजू लागली की आपली सारी दिवंगत माणसे एका बाकावर बसून प्रार्थना करीत आहेत, असा मला भास होतो. जो एलीया अग्निरथातून स्वर्गी गेला, त्याच्याच दारी अग्नी आला असता मी घंटा मुकी करू? शिवाय व्यवहार पाहा. घंटा मध्येच थांबली तर पोरांना वाटेल, म्हातारा दोरावरच गेला. हातातले सारे टाकून धावत येतील आणि देवळाला वाली उरणार नाही. तेव्हा हे माझ्याने होणे नाही.

काजळी धुण्याचे मात्र काकूंना फार पटले. झिसिसला आता घरीही पाव मिळेनासा झाला आहे.

तुझे कुशल चिंतणारा,
पापा-प्रोकोपिस

कालामाता, १२ जुलै

ती. काकांस सा. न.

तुम्ही नकार दिलात आणि त्या नकारातच मला हवे ते दिलेत. पोरे धावत येतील, हेच तर मला हवे आहे. माझी शिटी ऐकून झिसिस म्हणतो, थांब गं, एवढे झुडूप विझवून येतो. तुमच्यासाठी मात्र तो झुडपाजवळ थांबणार नाही.

देऊळ दगडाचे आहे, पुन्हा उभे राहील. याहून अधिक आग्रह करीत नाही. लाल कापड म्हणजे काकूंचीच जुनी मेजचादर आहे. लांबून ओळखू येईल.

कृपादृष्टी असू द्यावी.

आर्गिरो

अनोव्रिसी, २१ जुलै

चि. आर्गिरोस वृद्ध काकाचे भरभरून आशीर्वाद.

शुक्रवारी तू खळ्यावर होतीस आणि संध्याकाळी दुसऱ्या वणव्याकडे निघून गेलीस. घंटाघरात काय घडले ते तुला दिसले नाही, म्हणून लिहितो.

तुझे लाल कापड मी पाहिले, आणि पाहूनही दोर ओढीत राहिलो. माझ्या दाढीत वारा अजून मघाच्याच दिशेने वाहत होता. तुला जे दिसले होते, ते मला दिसत नव्हते. मग पवित्र शास्त्रातला, गुहेच्या तोंडाशी उभा असलेला एलीया आठवला. वादळ गेले, भूकंप गेला, अग्नी गेला. प्रभू त्यांपैकी कशातही नव्हता. अग्नीनंतर एक कोवळी झुळूक आली, तिच्यात तो होता. मी दोर सोडला.

असे मौन मी जन्मात ऐकले नव्हते. पाकोळ्यांचे पंख ऐकू येत होते. धूर सोनेरी होऊन गावावरून तरंगत होता आणि आपण कधीचेच मृत आहोत, अशी शांत शंका मला चाटून गेली. तोच चढणीवर पावले वाजली. सर्वांपुढे झिसिस होता, काजळीने ओळखू न येणारा.

"बाबा, जिवंत आहात? मग थांबलात कशाला?" तो संतापून म्हणाला.

मी म्हणालो, "मागे बघ."

वारा फिरला होता. त्यांनी नुकतीच सोडलेली घळ एका श्वासात पेटली. झिसिस पायरीवर बसला आणि लहानपणी बसे तसा माझ्या झग्याचे टोक धरून राहिला. देवळाचे छप्पर कोसळले ते आम्ही सर्वांनी मिळून ऐकले. सर्वांनी, मुली.

काल उघड्या आकाशाखाली एलीयाचा सण केला. धुपाचा धूर इतका सरळ वर गेलेला मी कधी पाहिला नव्हता. नंतर झिसिसने चिनाराखाली एक खुर्ची मांडली. कोणी टेकू लागले की तो उठवी; म्हणे, ती सावलीतल्या बाईसाहेबांची आहे. दिवस मावळला तरी तिच्यावर कोणी बसले नाही.

ती तशीच ठेवली आहे. सवड काढून ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
पापा-प्रोकोपिस