गोळीची सुट्टी

सोमवार, २० जून १९९४

पाच आठवडे वही उघडली नाही. चूक माझी. डोळ्यांचं निमित्त पुढे करता येईल, पण खरं म्हणजे लिहायचा धीर नव्हता.

आजपासून वसूची गोळी माझ्याकडे. सूनबाई कल्याणी सातची बस धरून अंबत्तूरला ऑफिसात जाते. मुलगा मोहन मस्कतला नोकरीला. घरी उरलो मी आणि नात. वय नऊ, उंची सहा वर्षांच्या पोरीची. जानेवारीपासून उंचीचं इंजेक्शन चालू आहे, महागडं, मोहनच्या तिकडच्या पगारावर; ते रोज संध्याकाळी कल्याणी स्वतः देते. गोळी वेगळी, लक्ष लागण्याची. अर्धं वाक्य लिहायचं की उठून खिडकीशी, असं वर्गात चालतं म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळीनं भूक कमी होते. सुट्टीच्या दिवशी देऊ नका, पोटभर जेवू दे."

हे बरं सांगितलं.

मंगळवार, २८ जून

डबा परत. दहीभात जसाच्या तसा, वर साय धरलेली.

"वसू, दोन घास तरी?"

"ताता, तोंडात जातो हो. खाली जात नाही."

शांत बसते हल्ली. फार शांत. बसून बोटांची सालं काढते. एकीकडे सुई टोचून वाढवायचं, दुसरीकडे भूक मारायची. हे कुठलं शास्त्र? आठवी नापास माणसानं कोणाला विचारावं.

शुक्रवार, ८ जुलै

अमावास्या. आमच्या लहानपणी तंजावरला अमावास्येला पाठशाळा नसे. पौर्णिमा, प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, सगळे अनध्याय. त्या दिवशी शिकलेलं टिकत नाही, असं वडील म्हणत. डॉ. बाईंनी सुट्टी म्हटलं. कुठली सुट्टी ते कुठे सांगितलं?

वसू शाळेत गेली. गोळीला सुट्टी.

डबा चाटूनपुसून रिकामा. संध्याकाळी चार दोसे. चटणी संपली तर नुसता पाचवा मागितला.

शुक्रवार, २२ जुलै

पौर्णिमा. अनध्याय सगळे पाळले. एकादशी माझ्या पदरची.

पोरगी वस्ताद. पुस्तकाचं पान वाचत नाही, पण रोज फाडायच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचते. परवा सकाळी,

"ताता, आज चतुर्दशी!"

"नाही ग. त्रयोदशी."

"पण पुढं बघा ना, मग चतुर्दशी लागते. थोडी थोडी तर आहेच."

हसू आलं. दिली नाही गोळी.

न दिलेल्या गोळ्या विड्याच्या डबीत ठेवतो. तीस वर्षं कारखान्यात स्टोअर सांभाळलं, वस्तू फेकवत नाही. गाल भरलेत तिचे. आजवर मी एवढं पुण्य केलेलं नाही असं वाटतं, आणि लगेच डबी उपरण्याखाली सारतो.

शनिवार, ६ ऑगस्ट

शाळेतून चिठ्ठी. एक दिवस देवीसारखी बसते, दुसऱ्या दिवशी बाकावरून उड्या. काल मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर धावली. ऑटोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. काल गोळी दिली नव्हती.

कल्याणी चिठ्ठी वाचून म्हणाली, "मामंजी, गोळी रोज देता ना?"

"देतो की."

इतक्या पटकन म्हणालो. सत्तर वर्षांत एवढ्या सहज खोटं कधी बोललो होतो?

वसूला तेल लावून न्हाऊ घातलं कल्याणीनं. मी बाहेर बसून राहिलो. त्या ऑटोवाल्याचा चेहरा मी पाहिलेला नाही, तरी दिसतो.

बुधवार, २४ ऑगस्ट

डॉ. बाईंकडे. भिंतीला उभं करून मापलं. मागच्या खेपेपेक्षा चांगलीच वाढली. बाई खूश. "इंजेक्शन छान लागू पडलंय. अजून दोन वर्षं देऊ." मग शाळेची चिठ्ठी वाचली. "गोळी मात्र पुरत नाही. सोमवारपासून सकाळी एकाऐवजी दोन."

मी भिंतीवरच्या फुटपट्टीकडे बघत उभा. जिन्यात कल्याणीला रडू आलं, आनंदानं. मोहन दिवाळीला कायमचा परत येणार होता. इंजेक्शनचा खर्च भागवायचा तर आता अजून दोन वर्षं तिकडेच.

सुईनं वाढली की भातानं? मला काय ठाऊक. कदाचित सुईनंच. पण डॉ. बाईंच्या हिशेबातला एक आकडा खोटा आहे, आणि तो मी घातलाय.

शुक्रवार, २६ ऑगस्ट

कल्याणी घेवडा मोडत होती. म्हटलं, "कल्याणी, एक सांगायचं होतं."

"पोटात दुखतंय का परत? तरी सांगत होते, दुपारी वडे नकोत." लगेच कपाळाला हात लावून पाहिला.

अशा हाताला काय सांगायचं. "हो, जरा दुखतंय" म्हणालो. ओव्याचं पाणी प्यालो.

वसूला हळूच म्हटलं, तू सांगतेस का अम्माला?

"मी कशी सांगू? मी लहान आहे." मग डोळे मिचकावून, "तुम्हीच म्हणता ना सगळ्यांना, फार लहान आहे म्हणून."

रविवार, २८ ऑगस्ट

तार करणार होतो. चार शब्दांत मावत नाही, आणि तार बघून मोहन घाबरेल. पत्र लिहिलं. इथं उतरवून ठेवतो.

"चि. मोहन यास आशीर्वाद. वसू खुशाल आहे, हे आधी वाच. गोळी मी पंचांग बघून दिली. अर्ध्याहून अधिक दिवस दिलीच नाही. कल्याणीला माहीत नाही, तिचा दोष धरू नकोस. डॉ. बाईंना वाटतं गोळी रोज जाते आणि तरी पुरत नाही. म्हणून उद्यापासून दोन. दोन दिल्या तर पोरगी परत जेवायची नाही. नाही दिल्या तर रस्त्यावर धावेल. फाटकाशी मी जाऊन बसेन, पण माझ्या पायांनी तिला गाठता येत नाही. तू तिकडे आणखी दोन वर्षं काढायची की नाही हेसुद्धा माझ्यामुळे चुकीचं ठरत असेल. कल्याणीला तू सांग, किंवा मला सांगायला भाग पाड. पत्र पोचायला दहा दिवस लागतात. तोवर रोज सकाळी त्या दोन गोळ्या माझ्या हातात असणार. काय करू ते लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लवकर कळव."