आधी दोरी, मग कपडे

सोमवार, ८ जून

"आपोआप शिकली हो! कुणी शिकवलंच नाही." ताई पाहुण्यांना सांगत होत्या आणि मी पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी. ठकीने सगळ्यांसमोर कागदावर स्वतःचं नाव लिहून दाखवलं, मग आईचं. दादा म्हणाले, "माझ्यावर गेलीय. मीही पाचव्या वर्षी पेपर वाचायचो!" सगळे हसले. मी ट्रे ठेवून आत आले.

आपोआप! आपोआप नखं वाढतात. अक्षरं नाही वाढत. चार महिने रोज दुपारी तिच्या शेजारी मांडी घालून कोण बसलं होतं?

पण चिडू कुणावर? मला लिहिता येतं हे या घरात ठाऊकच नाही. मूग गिळून मीच बसलेय.

मंगळवार, ९ जून

कामावर ठेवताना ताईंनी विचारलं होतं, "मावशी, लिहिता-वाचता येतं का?" मी म्हटलं, "कुठलं हो, मी अंगठाबहाद्दर!" सातवी पास आहे मी. पण आधीच्या घरी औषधाची चिठ्ठी वाचून "सकाळचा डोस राहिला" एवढं बोलले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "आमच्या कागदांत नाक खुपसायला ठेवलंय का तुम्हाला?" आठवडाभरात घरी बसवलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आता ताई बिचाऱ्या माझ्यासाठी ठकीच्या औषधांच्या बाटल्यांवर चित्रं काढतात. सकाळच्या औषधावर सूर्य, रात्रीच्या औषधावर चंद्र. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं होतं. आता लाज वाटते. किरणसुद्धा एकेक करून काढलेले असतात.

आणि 'मावशींना कुठे कळतंय' म्हणून घरातले कागद माझ्यापुढे उघडे पडलेले असतात. मी सगळे वाचते. एकही सोडत नाही. ही चोरीच की!

शुक्रवार, १२ जून

कसं शिकवलं ते निदान इथे तरी लिहून ठेवते.

गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ठकी पाटी घेऊन रडत होती — "मावशी, माझी अक्षरं खाली घसरतायत!" खरंच, एक वर, एक खाली, तिसरं पाटीच्या बाहेर निघालेलं. मी म्हटलं, "दोरी बांधल्याशिवाय कपडे राहतील का ग? आधी दोरी बांध, मग एकेक कपडा घाल." तिने आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली अक्षरं टांगली. एकही पडलं नाही! मग रोज तोच खेळ. क म्हणजे दोन बाह्यांचा सदरा. ग म्हणजे एक पायमोजा आणि बाजूला काठी. ळ धुताना पिळलेला, म्हणून तसा.

"कुणाला सांगायचं नाही हं. आपल्या दोघींचं गुपित."

"का पण?"

"मावशीला कुठे येतं लिहायला!"

खो-खो हसली. तिला तो विनोद वाटला.

सोमवार, १५ जून

ताईंनी स्वयंपाकघरात बोलावलं. हातात ठकीची वही. "शाळेतल्या बाईंनी शेरा मारलाय. ही आधी रेघ ओढते आणि मग अक्षरं लटकवते! असं उलटं कुणी शिकवलं म्हणून विचारतायत. मावशी, तुम्ही काही...?"

चोराच्या मनात चांदणं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "नाही हो ताई! मला कुठे येतं?"

"हो ना, मी तरी तुम्हाला काय विचारतेय! मग कुणी ग शिकवलं?"

ठकी माझ्याकडे बघत होती. मी ओट्याकडे बघत होते. पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

"मीच," ठकी म्हणाली.

मग ताईंनी तिला बसवून पानभर लिहून घेतलं. आधी अक्षरं, रेघ शेवटी. चुकलं की खोडायचं, पुन्हा लिहायचं. नाक ओढत लिहीत होती. मी शेजारच्या खोलीत एकाच टॉवेलची तीनदा घडी घातली.

आठ दिवस श्रेयासाठी जीव जळत होता ना माझा? आज कुणीतरी विचारलं — कुणी शिकवलं? — आणि मी पाच वर्षांच्या पोरीला पुढे केलं.

मंगळवार, १६ जून

ठकी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. कपड्यांचे चिमटे मोजत बसली.

गुरुवार, १८ जून

शाळेतून फोन आला. ठकी पेन्सिल खाली ठेवते आणि म्हणते, मला लिहिता येत नाही. ताई हवालदिल — "अहो, येत होतं हो हिला! एकदम काय झालं?"

दुपारी मी पाटी पुढे केली. ठकीने हात मागे घेतले.

"मला नाही येत."

"येतं की ग तुला!"

"तुला पण येतं. तू नाही म्हणतेस, मग तुला कुणी ओरडत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्षरं तर चार महिन्यांत शिकली. ही विद्या एका दिवसात उचलली. माझ्यामुळे पोरीने पेन्सिल टाकली. आता ताईंना सांगायलाच हवं. काम जाईल तर जाऊ दे.

संध्याकाळी ताई आल्या. त्यांना चहा दिला आणि घरी निघाले. उद्या नक्की.

शुक्रवार, १९ जून

आजही नाही. ताई घाईत होत्या म्हणून, असं लिहिणार होते. पण मी भित्री आहे म्हणून.

सोमवार, २२ जून

फ्रिजवर एक पांढरा फळा आहे. ताई लवकर निघतात, दादा उशिरा उठतात, म्हणून त्याच्यावर एकमेकांना निरोप लिहितात. आज ताईंनी माझ्याशी गप्पा मारत मारत, माझ्यादेखत चार ओळी लिहिल्या. ठकी दूध पीत होती. तिने विचारलं, "आई, काय लिहिलंस?"

"काही नाही ग, बाबांचं काम."

ठकी माझ्याकडे बघायला लागली. मी हात पुसले, तिला कडेवर घेतलं, फळ्यापाशी गेले आणि एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं —

"लिहिता-वाचता येणारी बाई मिळाली आहे. मुलीचं आणखी नुकसान नको. मावशींना महिनाअखेरीनंतर येऊ नका म्हणून तू सांग, माझ्याने नाही होणार."

कुठेही अडखळले नाही. ताई हातात उघडं पेन घेऊन तशाच उभ्या.

ठकीने टाळ्या वाजवल्या.