जास्वंद धरत नाही

पोलादपूर,
६ जुलै १९९७

प्रिय सुधीरदादा,

शिरसाष्टांग वगैरे जे काय असतं ते आईच्या वतीने घे, तुझ्या लाडक्या बहिणीला शाळेत 'डियर सर' च्या पुढे पत्र शिकवलेलं नाही. तू बरा असशील. कुरिअरच्या ऑफिसात छत्री देतात का रे, की भिजतच पाकिटं वाटतोस? इकडे सगळे बरे आहेत. पाऊस धो धो. बाबा बरे आहेत, हल्ली घरातच असतात. माझं एफ. वाय. चालू झालं, रोज एस.टी.ने महाडला जाते.

आता मुद्दा. जास्वंद धरत नाहीये.

हसू नकोस! मला माहितेय, जास्वंद म्हणजे कुणीही कुठेही फांदी खुपसली तरी येते. शेजारच्यांनी कपडे वाळत घालायला रोवलेली काठी जास्वंदीची निघाली आणि तिला फुलं आली, हे तूच सांगायचास. पण माझी येत नाही. या वर्षी नर्सरीतल्या काड्या मी लावल्यात. हो, मी. बाबांनी या वेळी लक्ष घातलं नाही, म्हणून.

कॉलेजच्या लायब्ररीत एक इंग्लिश पुस्तक मिळालं, एकदम डिटेलमध्ये. चित्रं बघून वेडी झाले मी. सगळं त्याच्याप्रमाणे केलं. फांदीवरच्या डोळ्याच्या खाली तिरका काप, खालची पानं काढली, वरची दोनच ठेवली, निव्वळ जाड रेतीत लावल्या, वरून पॉलिथिनचा तंबू. पावसाचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही, आपण मोजून शिंपडायचं, असं लिहिलंय. पहिले दोन दिवस काड्या अशा ताठ की नर्सरीत काम करत असलेल्या तुळसाला मी हात धरून दाखवायला नेलं. मग पानांनी माना टाकल्या. मग खालून काळ्या. उपटून बघितलं तर मुळाचा पत्ता नाही.

पाणी कमी केलं, तरी तेच. जास्त केलं, तरी तेच. पानं अर्धी कापली. महाडच्या दुकानातून मुळं फुटायची पावडर आणून बुडवून लावल्या. तुळसा पिशव्या भरता भरता म्हणते, "त्या काड्यांना इंग्लिश येत नसंल गो, मराठीत सांगून बग."

गंमत नाही दादा. एमआयडीसीच्या कॉलनीने बागेसाठी लाल जास्वंद सांगितलीय, गणपतीच्या आधी हवी. आणि रावजीकाकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलंय की ही रोपं उभी राहिली तर नर्सरी राहील, नाहीतर हायवेला लागून असलेली जागा टायरवाल्याला द्यायची. सातबारावर त्यांचंही नाव आहे, त्यामुळे आई काही बोलत नाही. रोज सकाळी येतात आणि तंबूत वाकून बघतात. "काय गो तेजू, तुझी पलटण उभी हाय का झोपली?"

तू बाबांच्या हाताखाली इतकी वर्षं काड्या लावल्यास. काय चुकतंय सांग. लगेच लिही.

तुझी,
तेजू


पोलादपूर,
२० जुलै

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी! "पाणी कमी घाल. आणि बाबांना विचार की, नर्सरी त्यांची आहे ना." दुसरी ओळ तू मला लिहिलीस की त्यांना? मी तुम्हा दोघांच्या मधला टपाल खात्याचा माणूस नाही. मी जास्वंदीबद्दल विचारलं होतं.

बाबांना विचारून उपयोग असता तर मी तुला लिहिलंच नसतं.

बरं. मधल्या काळात काय काय केलं ऐक. मला वाटलं फंगस असेल, कारण बुंधे काळे पडतात. बुरशीनाशक आणलं, त्यात काड्या बुडवल्या. नाही. मग पुस्तकात मिळालं की रेती गरम करून निर्जंतुक करायची. मग मी घमेलं घमेलं करून रेती कढईत भाजली. चुलीवर. आई बाहेरून आली आणि बघतच राहिली. "भात कोण शिजवणार? आणि माझी कढई!" तुळसा म्हणाली, "चणे पण टाक गो त्यात, निदान खायाला तरी व्हतील." मी सोडून सगळे हसले.

भाजलेल्या रेतीतल्या काड्या तर आणखी लवकर गेल्या.

म्हणजे मला कळतच नाहीये. मी मूर्ख नाही ना? मला बायोलॉजीत चांगले मार्क आहेत. मुळं कुठल्या पेशींतून फुटतात ते मी आकृती काढून सांगीन. पण माझ्यासमोर एक साधी जास्वंदीची काडी मरते आणि मला ती का मरते ते माहीत नाही, आणि काका दारात उभे राहून पान चघळत म्हणतात, "टायर सुकत नाय बग. बुरशी पण धरत नाय." असा राग येतो! परवा मी फांद्या कापायची सिकेटर फेकून दिली चिखलात, आणि मग मीच शोधत बसले, कारण ती बाबांची आहे.

एकदा बाबांसमोर कुंडी नेली. वाटलं, बघून तरी काही कळेल. त्यांनी रेतीत बोट घातलं आणि तोंडाशी नेलं. आईला वाटलं भूक लागली, ती पेज घेऊन आली. त्यांनी डाव्या हाताने वाटी अशी उडवली की सगळी पेज अंथरुणावर. परत रेतीत बोट, परत तोंड. आईने पाणी आणलं, तेही उडवलं. मग मी ओरडले. बाबांवर. "तुम्हाला काय हवंय ते एकदा नीट सांगा ना!" असं.

ते जाऊ दे.

पेज का, असं विचारशील. पोट बरं नव्हतं त्यांचं. आता ठीक आहे.

मूळच्या झाडांवर कापण्यासारख्या फांद्या संपत आल्यात. चांगल्या, पेन्सिलएवढ्या जाड अशा आता थोड्याच उरल्या. काका वाकून बघायचे थांबलेत, नुसते रस्त्यावरून मान हलवतात. ते जास्त वाईट आहे.

या वेळी कार्ड पाठवू नकोस. पाकीट पाठव, म्हणजे दोन ओळींहून जास्त लिहावं लागेल.

तेजू


महाड,
४ ऑगस्ट

दादा,

हे महाडच्या डेपोत बसून लिहितेय. घरी लिहिता आलं नसतं. पोस्टात पण इथेच टाकणार, पोलादपूरला पोस्टमन आईशी गप्पा मारतो.

आधी जास्वंदीचं सांगते. कळलं का मरत होती ते.

रावजीकाकांनी मे महिन्यात नवीन स्वयंपाकघर बांधलं. त्यासाठी तुडीलकडून खाडीची रेती ट्रकभर आणली होती. जाड, स्वच्छ, पुस्तकातल्या फोटोसारखी. उरलेला ढीग शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होता, तोच मी घेतला. मला काय माहीत! आपल्या ओढ्याची वाळू मातकट दिसते म्हणून मला नको होती. गेल्या आठवड्यात काकूकडे विरजण मागायला गेले तर ती भिंतीवर हात मारून कुरकुरत होती. नव्या भिंतीला पांढरी पांढरी भुकटी सुटलीय, प्लॅस्टर पडतंय. गवंडी म्हणाला होता म्हणे, रेती धुऊन घ्या, खारी आहे. काका म्हणाले, "रेती काय धुवायची, भांडी हायत का?"

मी विरजण तिथेच ठेवून धावत घरी आले. तंबूतली रेती जिभेवर ठेवली. मीठ! उघड्यावर असती तर पावसाने धुऊन तरी निघाली असती. मी तिच्यावर पॉलिथिन घातलं आणि मोजून पाणी दिलं. मीठ जाऊच दिलं नाही. वर भाजली.

आणि मग मला एकदम कळलं की बाबा पेज मागत नव्हते.

दादा, बाबांना पॅरॅलिसिस झालाय. मे संपता संपता. सकाळी नर्सरीत पाण्याचा पाइप ओढत होते आणि तिथेच बसले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. महाडच्या डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. हात थोडा फिरेल म्हणतात, बोलण्याचं काही सांगता येत नाही. आईने मला देवासमोर उभं करून वदवून घेतलं की तुला कळवायचं नाही. "त्याला यायचं तर मनानं येऊ दे. दयेनं आलेला पोरगा मला नको." म्हणून मी दोन पत्रं नुसती काड्यांवर लिहिली. खरं सांगू, थोडं मला पण तसंच बरं वाटत होतं. काडीबद्दल निदान काही विचारता येतं.

रेतीचं कळल्यावर मी त्यांच्या खाटेशी गेले, जिभेला बोट लावलं आणि म्हटलं, "खारट." त्यांनी डोळे मिटले. मग अर्ध्या तोंडाने हसले. मग रडायलाच लागले, आणि आई मला म्हणाली, "काय सांगितलंस गो त्यांना?" मी म्हटलं, काही नाही, त्यांनीच मला सांगितलं.

कुंडीत बोट घातलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. आणि मी ओरडले होते.

आता ओढ्याची वाळू आणलीय, तुळसाने आणि मी. पॉलिथिन काढून टाकलं, वर नुसतं झावळ्यांचं छप्पर घातलंय. भिंत आणि काड्या दोन्ही त्यांच्याच खाऱ्या रेतीने गेल्या हे काकांना दाखवल्यापासून ते जरा मऊ आहेत. म्हणाले, "गणपतीपरयंत थांबतो. पर मूळ दिसलं पायजे, पान नको." कॉलनीच्या साहेबांना मी भेटून आले, मूळ धरलेली काडी घेतील, मोठं रोप नसलं तरी चालेल म्हणाले. जास्वंद तेवढ्या दिवसांत धरते. म्हणजे अजून होईल.

फक्त एकदाच होईल. झाडांवर एका खेपेपुरत्याच फांद्या आहेत.

काल खाट पडवीत ओढली आणि बाबांसमोर बसून कापायला घेतली. पहिली फांदी धरली, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. वर धरली, नाही. खाली धरली, नाही. कोवळी? नाही. जून? नाही. डाव्या हाताने काहीतरी दाखवतात, बोटं मिटतात, उघडतात, मला कळत नाही. मग ते चिडतात, मग मी चिडते. आई म्हणते, "दोघं पण गप बसा." एक तर गप्पच आहे, आई. असं मी म्हणणार होते.

तुला कळेल. तू त्यांच्या बाजूला बसून वर्षानुवर्षं हेच केलंस, ते नुसती भुवई वर करायचे आणि तू फांदी बदलायचास. माझी चिडचिड व्हायची तेव्हा, की हे दोघं बोलत का नाहीत.

शिमग्यात भांडून निघालास तेव्हा गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "आता हे स्वतः हाक मारतील तेव्हाच या घरात पाय ठेवीन." मी ऐकलं होतं. बाबांनी पण. ते आता होणार नाही, दादा. त्यांना कुणालाच हाक मारता येत नाही. तू त्या शब्दावर बसून राहिलास तर बसूनच राहशील.

दयेनं ये, रागानं ये, नाहीतर माझ्याशी भांडायला ये की आधी का नाही कळवलं. आईला काय सांगायचं ते मी बघते. देवासमोरचा शब्द मोडला तो माझा मोडला.

फांद्या कापलेल्या नाहीत. सिकेटर पुसून तुझ्यासाठी खाटेखाली ठेवलीय. बाबांनी बघितलं मी ठेवताना, आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही.

वाट बघत नाहीये असं लिहिणार होते. बघतेय.

तेजू