पार्किंगमधली तेलाची विहीर

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लिहायला बसले कारण आक्कांनी शब्द घेतलाय — गाडी गळते हे त्यांच्या मुलाला, सौरभला, कळू द्यायचं नाही. मला पोटात काही ठेवता येत नाही. तीस वर्षं वजनमापांची निरीक्षक होते, सरकारी जीप स्वतः चालवत बाजार फिरले. दिसलं की नोंदवायचं, ही सवय. माणसाला सांगायचं नाही तर कागदाला सांगते.

सौरभ बंगळुरूहून उन्हाळ्यात येऊन बजावून गेला होता. "आई, नेक्स्ट टाइम या गाडीने नाटक केलं ना, मी ती विकणार. फायनल." सत्तरीच्या बाईने डोंगरात एकटीने गाडी न्यावी हे त्याला पसंत नाही. आमचे हे, सुखदेव, असते तर भाच्याला समजावलं असतं. "ताईला कोण अडवणार?" एवढंच म्हणायचे ते बहिणीबद्दल.

आज सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींची पाटी लागली. आक्का म्हणाल्या, "मोठ्याने वाच. तुझ्या आवाजात नोटीस शोभते." वाचली —

"पार्किंगमध्ये तेलाची विहीर लागल्याचे निदर्शनास आले आहे. विहीरमालकांनी ती आठ दिवसांत बुजवावी, अन्यथा गाडी बाहेर काढण्यात येईल. कुणाचेही नाव घेतलेले नाही."

आक्का पोट धरून हसल्या. "दुबईत असता तर पाया पडला असता माझ्या!"

मला हसू आलं नाही. तीन गुरुवार झाले, त्या वेल्ह्याकडे गेलेल्या नाहीत. गळकी गाडी घाटात कशी नेऊ, म्हणतात. डोंगरातल्या बायकांचे नाचणीचे पापड नि हातसडीचा तांदूळ दर गुरुवारी आक्का आणतात, इथे विकून देतात. शेवटचा चढ असा की चारही चाकं ओढणारी गाडीच वर जाते. संध्याकाळी तिथल्या तुळजाबाईंचा फोन मीच घेतला. "माल पडून हाय, ताई. यष्टीनं दोन पोती धाडली तर पापडाचा भुगा झाला. मावशी कधी येत्यात?"

मागून आक्का ओरडल्या, "पुढच्या गुरुवारी! नक्की!"


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला होता, इंजिन उतरवावं लागेल. आक्कांनी त्याला चहा पाजून घालवला.

मग स्वतः गाडीखाली हात घातला. बोटावर तेल घेतलं, चोळलं, हुंगलं. "डिझेल नाही. ब्रेकचं नाही. इंजिनाचं आहे. आणि पडतंय तिथे गळत नाहीये. वाऱ्याने मागे पळतंय. तुझी पावडर आण."

"कुठली पावडर?"

"तोंडाची. इन्स्पेक्टरबाई लावतात ना, चंदनाची?"

रॉकेलने सगळं पुसून घेतलं, कोरडं केलं, वर माझी नवी डबी रिकामी केली. इंजिन चालू ठेवलं. पाच मिनिटांनी मला गोणपाटावर आडवं व्हायला लावलं — सहासष्टाव्या वर्षी! — "बघ, पावडर कुठे ओली झाली?"

इंजिनातलं तापलेलं तेल पुढच्या जाळीत निवायला जातं नि परत येतं, त्यासाठी दोन रबरी होज आहेत. दोन्हींच्या टोकाला, रबर जिथे लोखंडी कॉलरमध्ये दाबून बसवलंय तिथे, पावडरीचा चिखल झाला होता. बाकी सगळं पांढरंशुभ्र. मी सांगितलं. आक्का मान हलवत राहिल्या, आधीच माहीत असल्यासारख्या.

पंचाहत्तर साली आयटीआयच्या फिटरच्या वर्गात या एकट्याच मुलगी होत्या. वर्गातली पोरं यांचे पाने लपवून ठेवायची. आक्का ते अंधारात चाचपून शोधायला शिकल्या. हे मला सुखदेवांनी लग्नानंतर सांगितलं तेव्हा मी फार लक्ष दिलं नव्हतं. मी बी.एस्सी. होते ना!


१५ नोव्हेंबर, शनिवार

माझी पाठ धरली आहे. त्यांची नाही. अन्याय!


१६ नोव्हेंबर, रविवार

होज काढले. खाली जुनी परात. आक्कांचा नियम — एका पान्याने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर जाळीचा पाइपच पिळला जातो. धरायचं काम माझं. "हलू नकोस." "नाही हलत." "श्वासही हळू घे." असं कुणी माझ्याशी नोकरीतसुद्धा बोललं नव्हतं.

सेक्रेटरी फिरत फिरत आले. "मावशी, वरून एक क्लिप आवळा. पाच मिनिटांचं काम."

"आवळते ना. घाटात क्लिप निसटली की मिनिटभरात सगळं तेल रस्त्यावर, इंजिन जाम. मग गाडी ढकलायला तुम्ही या. विहीर तुमच्याच भागातली आहे!"

गेले.

या गाडीचे होज आता कुठे मिळत नाहीत. म्हणून लोखंडी टोकं जुनीच ठेवून मधलं रबर नवं बसवून घ्यायचं. दोन्ही टोकं वाकडी आहेत. एक दुसऱ्याशी ज्या कोनात आहे, तोच कोन नव्यात हवा. मी दोन्ही होजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हाइटनरची सरळ रेघ ओढली. जाड. आंधळ्यालाही दिसावी अशी. आक्का म्हणाल्या, "सरकारी पैशाने शिकलीस तरी डोकं आहे."

तेवढ्यात सौरभचा व्हिडिओ कॉल. "आई, हात काळे कसे?" "काजळ पाडतेय." "आणि कॅमेरा समोर धर ना, मला फक्त तुझा कान दिसतोय." "कानच बघ. तोच तुझं ऐकून ऐकून झिजलाय."

फोन ठेवल्यावर खूप हसल्या. मीही.


१७ नोव्हेंबर, सोमवार

रिक्षाने मार्केटयार्डाच्या मागे गेलो. तिथे एकजण जेसीबीचे होज करून देतो. आक्कांनी त्याच्याकडचं रबर नखाने टोचून बघितलं, वाकवलं, एक नाकारलं, दुसरं नाकारलं. "हे पाण्याचं आहे. तेलाचं दे. गरम तेलाचं." तो म्हणाला, "मावशी, तुम्ही लाइनीतल्या दिसता." "लाइन मी आखलीय. तू मागून आलास."

मी समोरून तेलाचा डबा घेऊन येईपर्यंत पहिला होज यंत्रात दाबून झालाही होता. कोन आक्कांनी स्वतः जुळवून दिला होता. दुसरा माझ्यासमोर केला. तो मीच रेघेला लावून धरला.

घरी येताना रिक्षात दोन्ही होज मांडीवर, बाळासारखे. मला फार बरं वाटत होतं. असं काही मोठं काम पुष्कळ दिवसांत केलं नव्हतं.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला होज बसत नाही. टोक पंख्याकडे वळतंय. आक्का तासभर झगडल्या, मग पाना खाली ठेवला. "घाई झाली माझी," म्हणाल्या.

होजच्या दोन्ही टोकांवर उरलेल्या माझ्या रेघा ताडून बघितल्या. कोनात जवळजवळ पाव फेऱ्याचा फरक. एवढी जाड पांढरी रेघ समोर असताना?

मग एकेक आठवायला लागलं. पाटी मी वाचायची. पावडर कुठे ओली ते मी बघायचं. तेल मोजायची पट्टी — "काय म्हणते ती? माझा चष्मा वर राहिला." कॅमेऱ्यासमोर कान.

संध्याकाळी दूध आणायला दोघी खाली उतरलो. मी फळ्यापाशी थांबले, नुसतं बोट दाखवलं. आक्कांनी वर पाहिलं, खळखळून हसल्या. "आहे अजून विहीर! लाव म्हणावं फ्रेम करून."

फळ्यावर विहीर नव्हती. सकाळीच पाटी बदलली आहे. उद्या टाकी धुणार, पाणी दुपारी येईल.

मी काही बोलले नाही. नोकरीत अशा अचानक तपासण्या खूप केल्या. चोर सापडला की बरं वाटायचं. आज नाही वाटलं.

काटा चुकीचा दाखवायला लागला की सील लावावं लागतं. मालक कितीही सज्जन असो. मी एका म्हाताऱ्या वाण्याचा काटा सील केला होता, तो रडला होता, तरी केला. मग इथे हात का अडतो? गुरुवारी या बाई घाटात गाडी नेणार. रस्त्यावर पोरं असतात, गुरं असतात. सौरभला फोन करावा? शब्द दिलाय तो गळतीबद्दल. डोळ्यांबद्दल नाही.

पण सौरभला कळलं की गाडी जाईल. गाडी गेली की तुळजाबाईंचा माल गेला. आणि आक्का? खिडकीत बसलेल्या आक्का मला डोळ्यांसमोर आणता येत नाहीत.

त्याला आधी सांगणार नाही. त्यांनाच सांगेन. तोंडावर. गाडी चालू करण्याआधी.


१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मी एकटी जाऊन पहिला होज पुन्हा करून आणला. रेघेला रेघ लावून.

दुपारी आक्कांनी बसवला. आज मी नीट बघत होते — त्या बघतच नाहीत! मान दुसरीकडे, पार्किंगच्या भिंतीकडे, आणि हात आत. बोटं नळीवरून जातात, आटे शोधतात, रबरी रिंग खाचेत बसली की अंगठा एकदा तिच्याभोवती फिरतो. नट आधी हाताने, उलटा अर्धा फेरा देऊन "टक्" वाजल्यावरच सुलटा. वाकडा आटा चढूच नये म्हणून. मला दिसत असूनही इतकं दिसलं नसतं. हे काम त्यांनी रविवारीही असंच केलं असणार आणि मी शेजारी पाना धरून बसले होते!

तेल भरलं. पट्टी मी वाचली, त्यांनी न विचारता. इंजिन चालू. तेलाचा दिवा विझला. पुन्हा पावडर — या वेळी त्यांनी स्वतःची डबी आणली, गुलाबाची. अर्धा तास चालू ठेवलं. मी आडवी झाले.

"कोरडं आहे, आक्का. चारही टोकं. कोरडं ठणठणीत!"

त्यांनी बॉनेटवर थाप मारली. म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला सांगणं जमलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा तपासणी पुढे ढकलली.

उद्या सकाळी. नक्की.


२० नोव्हेंबर, गुरुवार

मी वाक्य पाठ करून खाली गेले. आक्का डावीकडच्या सीटवर बसल्या होत्या, पट्टा लावून.

"दिवाळीनंतर चालवलीच नाही मी," म्हणाल्या. "समोरचं मधोमध पुसल्यासारखं दिसतं. डॉक्टर म्हणाले, वाढणार. गळती लागली ते बरंच झालं, सांगायला कारण मिळालं. पण गळकी वस्तू कुणाच्या हातात द्यायची नसते, म्हणून थांबले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सांगितलंस? मंगळवारी फळ्यापाशी गप्प झालीस. तू गप्प झालीस की समजायचं, वजन कमी भरलं."

सौरभला आक्का आज रात्री स्वतः सांगणार आहेत. मला मध्ये पडायचं नाही, अशी ताकीद.

ताब्यात घेतलं ते असं —

किल्ल्या दोन, एकीला निळा दोरा. आर.सी. बुक. विम्याचा कागद. स्टेपनी, जॅक. तुळजाबाईंच्या वस्तीचा रस्ता, तोंडी: ओढ्यानंतर दुसरा गिअर, आणि चढावर अजिबात थांबायचं नाही. त्यांचं लायसन्स. हे कशाला, विचारलं. "सील कर," म्हणाल्या.

पान्यांची पेटी दिली नाही. मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "हातांना दिसतं अजून. चल."