वरून आमचं घर दिसत नाही

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. हे म्हणाले, चौथी शिकलेली बाई काय लिहिणार? म्हटलं, तुमचं नाव येणार नाही, निर्धास्त राहा.
नात आमच्या वरच्या खोलीत राहायला आली. इथेच तिला काम मिळालं. पाण्याच्या पाइपांचा नकाशा कॉम्प्युटरवर काढायचा, तोही घरी बसून. गावात तिच्या दोन आज्या. एक मी. दुसरी तिच्या आईची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. नातीने मला निवडलं. मी कुणाला बोलून दाखवलं नाही. भाजीवालीला, शिंप्याला आणि विहीणबाईंना तेवढं सांगितलं.

५ फेब्रुवारी, दुपारी
नातीने नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकाशातून काढलेले फोटो आणले. ते नेटवरून येतात. डावीकडच्या यादीत राइट क्लिक, नवीन कनेक्शन, त्याला नाव द्यायचं, खाली मारुतीच्या शेपटाएवढा पत्ता चिकटवायचा, ओके. मग नावावर दोनदा टकटक. स्क्रीनभर चौकोन येऊन बसले, गवंड्याने फरशी बसवावी तसे. अख्खं गाव वरून.
म्हटलं, आमचं घर दाखव. घर नाहीच! अंगणातल्या झाडाचा हिरवा गोळा आणि त्याच्या कडेला पाण्याच्या टाकीचं झाकण. इतकी वर्षं संसार केला तो झाकणाखाली.
मग नात आपणहून म्हणाली, ही बघ त्या आजीची गच्ची. पांढरीशुभ्र. कुंड्या वेगळ्या ओळखू येतात. म्हणाली, किती छान दिसते ना?
मत्सर माझ्या स्वभावातच नाही. जेवण गेलं नाही, ते पित्तामुळे.

६ फेब्रुवारी
विहीणबाईंना फोन केला. गच्चीचा विषय सहज निघाला. म्हणाल्या, अगोबाई, आमची गच्ची दिसते? आम्ही तर काहीच केलं नाही हो!
काहीच केलं नाही म्हणे. या बाई शिंकतात तेसुद्धा आदल्या दिवशी ठरवून.

८ फेब्रुवारी
गच्चीवर लाल चादर पसरली. कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. वरून विमान जातं की उपग्रह, त्याला दिसलीच पाहिजे. हे म्हणाले, चादर कशाला? म्हटलं, ढेकूण.

९ फेब्रुवारी
नातीला फोटो उघडायला लावला. चादर नाही. आज फोटोवाल्यांना सुट्टी असेल.

१२ फेब्रुवारी
चादर उडून शिंप्याच्या दारात पडली. घडी करून घेऊन आला. म्हणाला, आजी, निवडणुकीला उभ्या राहताय का?
नातीला सगळं कळलं. हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. म्हणाली, आजी, हा फोटो आत्ताचा नाही गं, जुना आहे. कधीतरी बदलतात, कधी ते आपल्या हातात नाही.
जुना? म्हणजे विहीणबाईंच्या कुंड्या तेव्हाही मांडून तयार होत्या. आता बोला!

१८ फेब्रुवारी
निश्चय. सॉफ्टवेअर स्वतः शिकायचं. नातीला मदत होईल. कामात मदत करणाऱ्या आजीला सोडून कोण जाईल? नुसत्या गच्चीवर काय, कावळेही येतात.

१९ फेब्रुवारी
नात आंघोळीला गेली तेव्हा बसले. पत्ता तिने चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला होता, तो बघून एकेक अक्षर टाइप केलं. नाव दिलं, 'आमचं घर'. टकटक. आला की फोटो! हुशारी शाळेवर नसते.
पण नातीच्या निळ्या पाइपांच्या रेषा गायब. सगळ्या. तिची आठवडाभराची मेहनत. खाली येऊन भांडी घासायला बसले. भांडी घासलेलीच होती.
नात ओरडली, कोणी हात लावला? मी म्हटलं, तुझे आजोबा वर गेले होते खरे. हे पेपर वाचत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. सवय आहे त्यांना.
तिने आम्हा दोघांना वर बोलावून यादीतलं 'आमचं घर' धरून तळाला ओढलं. रेषा परत आल्या. म्हणाली, आजोबा, फोटो कायम खाली ठेवायचा आणि काम वर, नाहीतर काम झाकलं जातं.
हे मला ठाऊकच होतं. चादर गादीवर घालतात, गादी चादरीवर नाही. घाईत विसरले.

२७ फेब्रुवारी
हे म्हणाले, चादरीचं एक कळलं नाही. झाडाखालच्या गच्चीवर पसरलीस, वरच्याला पानं दिसणार की चादर?
लग्नानंतर पहिल्यांदा बरोबर बोलले.

१ मार्च
झाड काढायचं. घरात सांगितलं, कचरा फार पडतो. नात म्हणाली, आजी, नको गं, माझी खिडकी त्याच सावलीत आहे. म्हटलं, मुळं पाइपात शिरतील. म्हणाली, पाइप रस्त्याच्या पलीकडून जातो, नकाशा मीच काढलाय.
जास्त शिकवलं की असं होतं.

४ मार्च
नात मीटिंगला गेली होती. लाकूडतोड्याला बोलावून घेतलं. त्याने विचारलं, झाड चांगलं आहे, का तोडताय? म्हटलं, तू कुऱ्हाड चालव, जीभ माझी चालू दे.
संध्याकाळी नात आली. खिडकीत उभी राहिली. अंधार पडला तरी दिवा लावला नाही. खूश झाली असावी. आनंदात दिव्याचं भान राहिलं नसेल.
आता फोटो बदलू दे म्हणावं. बघतील सगळे.

२ एप्रिल
उन्हाळा यंदा लवकर आला. वरच्या खोलीच्या भिंती तव्यासारख्या तापतात. नातीचा कॉम्प्युटर दुपारी आपोआप बंद पडतो. म्हटलं, हल्लीच्या वस्तूंत दम नाही. खिडकीला ओलं पोतं बांधलं. वाळलं. पुन्हा भिजवलं. पुन्हा वाळलं.

११ एप्रिल
विहीणबाई आल्या. अंगणात खुंटाजवळ थांबल्या. म्हणाल्या, अगोबाई! एवढंच. त्या एका शब्दात माझं सगळं घराणं धुऊन काढलं.
मग चहा पिताना नातीला म्हणाल्या, आमची एक खोली रिकामीच आहे हो, बघ बाई.
कपाचा कान माझ्याच हातात मोडला. कप जुना होता.

१३ एप्रिल
नात गेली. म्हणाली, उन्हाळ्यापुरती, आजी. मीच म्हटलं, जा, मला एकटीला बरं वाटतं. हे म्हणाले, मी आहे ना घरात. म्हटलं, तेच म्हणतेय.
जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली. सॉफ्टवेअर आहे त्यात. 'आमचं घर' यादीत तळाशी आहे.

३० मे
रोज फोटो उघडते. बदलला का तेवढंच बघायला. फोटोत झाड अजून आहे. चांगलं डेरेदार. नातीची खिडकी त्याच्याखालीच कुठेतरी. कर्सर तिथे नेऊन ठेवते. कर्सरला कुठेतरी ठेवायला लागतंच.

९ जुलै
ऊन सरलं. नात आली नाही. म्हणते, तिकडे टेबल-खुर्चीसकट कामाची बैठक जमलीय. बैठक उचलून आणता येते. मी सुचवलं नाही. मी लाचार नाही.
फोनवर फक्त खोलीला रंग दिल्याचं सांगितलं. खिडकीला जाड पडदा लावल्याचंही. आणि पंखा नवा आहे हे. बाकी काही नाही.

२१ नोव्हेंबर
फोटो बदलला!
आमचं घर दिसलं. कोपरान् कोपरा. शेवाळलेली गच्ची, भेगांवर डांबराचे पट्टे, मोडकी खाट, दोरीवर यांचा बनियन. अंगणात खुंटाचा ठिपका. बघणाऱ्याला काही म्हणून झाकलेलं नाही.
मग विहीणबाईंचं घर शोधलं. सापडेना. कर्सर गल्लीत वर-खाली फिरवला. पांढरी गच्ची नाही, कुंड्या नाहीत. बाईंनी अख्ख्या गच्चीवर सावलीसाठी हिरवी जाळी ताणलीय. खाली खोली आहे. नातीची.
त्यांनी झाकलं म्हणून ती तिथे आहे आणि मी उघडलं म्हणून इथे बनियन आहे.
यांना दाखवलं. हे म्हणाले, बनियन चांगला दिसतोय.

२२ नोव्हेंबर
रात्री जेवण गेलं नाही. पित्तच.
शेवटी विहीणबाईंना फोन लावला. म्हटलं, ती हिरवी जाळी कुठे मिळते? पुढच्या उन्हाळ्यासाठी विचारतेय, अशीच.
म्हणाल्या, सांगते ना. आणि हो, सकाळीच नातीने नवा फोटो दाखवला. अगोबाई, तुमची गच्ची किती स्वच्छ दिसते हो!