हरण्याची चरबी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

उदगीर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. महादेवीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल. नातवाचं जावळ झाल्यापासून घर सुनं वाटतंय. शिवांश डोक्यावरून हात फिरवून केस कुठं गेले म्हणून घरभर विचारत फिरून राहिला.

कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू बोलतीस आणि शेजारी श्रीशैलदाजींचा श्वास मला ऐकू येतो. पाइप-मोटारीच्या दुकानात उभा जन्म गेला माझा. गिऱ्हाईक 'परवडत नाही' म्हणायच्या आधीच त्याचा श्वास मला सांगतो.

तर मुद्दा. जावळाच्या दिवशी दाजी आमच्या हरण्या कुत्र्याला गाडीत घालून नांदेडला नेले. तुमच्या ब्रुनोला चार दिवस सोबत होईल, लसही टोचून आणतो म्हणले. परवा त्याला परत सोडले आणि चहा न घेता गेले. दाजी आणि चहा सोडतील? तिथंच माझे कान टवकारले. हरण्या सारखा पोटाखाली चाटून राहिला म्हणून उलटा करून बघितलं, तर दोन्ही जांघांत टाके! लस जांघा चिरून देतात, हे मला या वयात कळालं.

काय केलंत त्या जनावराचं, ते सरळ लिही. बाकी लोभ आहेच, तो रागानं कमी होत नाही.

तुझा,
अमृतअण्णा


नांदेड,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांना महादेवीचे शरणु शरणार्थी.

पत्र वाचलं. लपवून काय करू, सगळं लिहिते.

आमच्या ब्रुनोचे कमरेचे सांधे झिजलेत. उठताना कण्हतो, दिवाणावर चढत नाही, मी स्वयंपाकघरात गेले तरी मागं यायचा तो आता नुसता डोळ्यांनी बघतो. इथल्या डॉक्टरांनी नवा उपचार सांगितला. कुत्र्याच्या अंगातली थोडी चरबी काढायची, हैदराबादच्या लॅबमध्ये तिच्यातल्या पेशी वाढवायच्या आणि सुईनं सांध्यात सोडायच्या. झिजलेल्या सांध्याला त्यानं आराम पडतो म्हणतात. तरणा, निरोगी कुत्रा पाहिजे असं ह्यांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा हरण्याचं नाव मीच काढलं. हो, मीच. घरचंच लागू पडतं, अण्णा. मला तुमचीच किडनी लागू पडली ना? मग परक्याच्या दारात कशाला जायचं, एवढंच माझ्या मनात आलं. अण्णांना सांगू नको, ते गाव गोळा करतील, असं हे म्हणाले.

त्याला पूर्ण भूल दिली होती, दुखलं नाही. पण हरण्या पडला कारवानी जातीचा शिकारी कुत्रा, अंगावर चरबी कुठली? दोन्हीकडं बघूनही जेमतेम निघाली, लॅबला पुरली नाही. अजून एकदा काढावी लागणार. तीस तारखेच्या रविवारी हे न्यायला येतील. नाही म्हणू नका. ब्रुनोकडं बघवत नाही मला.

वहिनींना नमस्कार. माया पातळ करू नका.

तुमची,
महादेवी


उदगीर,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. महादेवीस आशीर्वाद.

मी शनिवारी नांदेडला येऊन गेलो. तुझ्या घरी आलो नाही, राग मानू नको. त्या डॉक्टरच्या दवाखान्यात बाकड्यावर गुमान बसून होतो. आत एका बाईला डॉक्टर समजावून सांगत होते की, ज्याचा सांधा त्याचीच चरबी घेणं सगळ्यात बरं, दुसरा कुत्रा शोधायची गरजच नाही. घरचा-परका असलं काही नसतं त्यात.

मग मी आत गेलो आणि ब्रुनोचं विचारलं. डॉक्टर माणूस सरळ आहे. ब्रुनोच्या अंगावर चरबीला तोटा नाही, त्याचीच घेऊ, असंच त्यांनी आधी सांगितलं होतं म्हणे. दाजी काय म्हणले, ऐक:

"आमच्या ब्रुनोला चिरायचं नाही."

आणि हरण्या आपलाच कुत्रा आहे म्हणून सही करून मोकळे झाले. लाडाच्या कुत्र्याला सुरी लागू नये म्हणून माझ्या बरगड्या दिसणाऱ्या कुत्र्याच्या जांघांत चरबी हुडकली! उपचाराला मी नावं ठेवत नाही. ब्रुनो बरा व्हावा असं मलाही वाटतं. पण हा कुठला हिशोब?

तू किडनीचं काढलंस म्हणून लिहितो. त्या वेळी मला वेगळ्या खोलीत बसवून विचारलं होतं की कुणाचं दडपण आहे का, नको असंल तर आत्ता सांगा, आम्ही बाहेर काही बोलणार नाही. मी हाव म्हणलो. मला हाव म्हणता येत होतं, महादेवी, आणि न्हाई पण म्हणता येत होतं. हरण्याला कोण विचारलं? त्याला बोलता येत नाही, तर मला तरी कोण विचारलं?

रविवारी दाजींनी खुशाल यावं. पुरणाची पोळी वाढीन, तूप हात सैल सोडून वाढीन. पण हरण्या गाडीत बसणार नाही.

तुझ्यावरचा जीव तसाच आहे, म्हणून एवढं लिहिलं.

अमृतअण्णा


नांदेड,
१८ जानेवारी २०२६

ती. अण्णांना शरणु शरणार्थी.

डॉक्टरांचं आधीचं सांगणं मला ठाऊक नव्हतं. तुमचं पत्र ह्यांच्या पुढ्यात ठेवलं, तर हे म्हणाले की अण्णांचं कुत्रं रानात भटकणारं, त्याला काय होतंय. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून ब्रुनोला मीच नेलं, सही मीच केली. त्याचीच चरबी घेतली. परवा सुई झाली. गुण यायला महिने लागतील, येईलच अशी खात्री नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. हे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. नसू देत.

काल मी एसटीनं उदगीरला आले होते. तुम्ही लातूरला गेलेले. वहिनी बस म्हणाल्या, पण मी हरण्यासाठी आले होते. त्यानं मला बघितलं आणि पाइपांच्या मागं जाऊन बसला. माझ्या अंगावर उड्या मारणारा हरण्या. वहिनी त्याला पट्ट्याला धरून ओढायला लागल्या, मीच त्यांना थांबवलं. गाडीची वेळ होईपर्यंत तिथंच जमिनीवर बसले. तो आला नाही.

मी परत येईन, अण्णा, पुन्हापुन्हा येईन. मी आले की तुम्ही त्याला हाक मारू नका. यायचं की नाही, ते त्यालाच ठरवू द्या.

तुमच्या मायेची धनी,
महादेवी